परीकथांची नवी रूपं आणि तुमचे अभिप्राय : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यातल्या आमच्या वाचक मंडळात हायर सेकंडरीची आणि कॉलेजची मुलं परीकथांवर बेतलेल्या कादंबऱ्या वाचतात. वाचून झालं की प्रत्येकाने एक पानी अभिप्राय द्यायचा. तो पुस्तकाच्या मागच्या पाकिटात राहतो आणि पुढचा वाचक पुस्तक घरी न्यायच्या आधी तो चाळतो. पद्धत एवढीच. तरी मुलं, पालक आणि शिक्षक यांच्याकडून तेच ते प्रश्न येत राहतात, कधी व्हॉट्सअ‍ॅपवर, कधी पुस्तकात सरकवलेल्या चिठ्ठीवर. त्यांतले नेहमीचे इथे घेतले आहेत. एका उत्तरात आलेलं दुसऱ्यात पुन्हा लिहिलेलं नाही. गरज असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. परीकथेचं नवं रूप म्हणजे काय? लहानपणी ऐकलेली गोष्ट पुन्हा कशाला वाचायची?

गोष्टीचा सांगाडा ओळखीचा राहतो, पण त्यातलं काहीतरी महत्त्वाचं बदललेलं असतं. सांगणारा वेगळा असतो, काळ किंवा गाव वेगळं असतं, शेवट वेगळा असतो. कुमार-तरुण वाचकांसाठीच्या पुस्तकांत बहुतेक वेळा नायिकेचं वय वाढतं. जर्मन परीकथांचा संग्रह करणाऱ्या ग्रिम बंधूंच्या गोष्टीत आरसा हिमगौरीला सर्वांत सुंदर ठरवतो तेव्हा ती सात वर्षांची आहे. कादंबरीत ती सतराची होते आणि मग गोष्टीतले सगळे प्रश्नच पालटतात : घर सोडायचं का, कुणावर विश्वास ठेवायचा, स्वतःच्या चेहऱ्याकडे कसं बघायचं.

जत्रेच्या नाटकात कीचकाचं काय होणार हे अख्ख्या गावाला ठाऊक असतं, तरी माणसं पहाटेपर्यंत मांडवातून हलत नाहीत. इथेही तसंच. काय घडतं यापेक्षा या खेपेला ते कसं घडवलंय, याला महत्त्व. गोव्याला तर हे मुळीच नवं नाही. पणजीला पाट्टोवरच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाला ज्याचं नाव आहे, त्या कृष्णदास शामाने १५२६ साली भागवताच्या दशम स्कंधावर मराठी ओवीत कृष्णचरित्र रचलं. पुढे १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण राशोलला छापलं गेलं. बायबलातल्या कथा मराठी ओवीत. माहीत असलेली गोष्ट आपल्या लोकांसाठी नव्याने सांगायची, हा उद्योग आपल्याकडे पाचशे वर्षं जुना आहे.

२. ही पुस्तकं नेमक्या कोणत्या वयासाठी? सहावीतल्या मुलाला दिली तर चालतील?

प्रकाशक साधारण १२ ते १८ म्हणतात, पण बारा वर्षांचं मूल आणि अठराची मुलगी यांच्यात केवढं अंतर असतं! म्हणून मुखपृष्ठावरच्या वयावर विसंबू नका, पाकिटातले अभिप्राय वाचा. रक्तपात, मृत्यू, शारीरिक जवळीक यांपैकी काही ठळकपणे असेल तर अभिप्रायाच्या डोक्यावर एका ओळीत तसं लिहावं, असं आम्ही सगळ्यांना सांगितलंय. सहावीतल्या मुलासाठी घेत असाल तर आधी स्वतः दोन प्रकरणं वाचून बघा. पालकांच्या बाकीच्या शंकांसाठी प्रश्न ९ पाहा.

३. मी जुनी गोष्ट कधी वाचलेलीच नाही. मग माझ्या अभिप्रायाला काय किंमत?

भरपूर. जुनी गोष्ट पाठ असलेला वाचक कादंबरीतल्या मोकळ्या जागा नकळत स्वतःच भरत जातो. तुम्हाला त्या मोकळ्याच दिसतात. नायिका भोपळ्याकडे का बघत बसली हे तुम्हाला कळलं नसेल, तर लेखकाने ते नीट सांगितलं नाही एवढाच त्याचा अर्थ. फक्त पहिल्याच ओळीत लिहा की जुनी गोष्ट माहीत नाही, म्हणजे वाचणारा त्या हिशेबाने वाचेल.

४. लेखकाने मूळ गोष्ट बिघडवली असं मला वाटतं. तसं लिहू का?

लिहा, पण आधी एक सांगा : मूळ म्हणजे कुठली?

आमच्याकडे सगळ्यात जास्त वाद याच मुद्द्यावर होतात, म्हणून थोडं सविस्तर. हिमगौरीच्या एका नव्या रूपात राजकुमाराचं चुंबन नाही, म्हणून दोघातिघांनी नाराजी लिहिली. ग्रिम बंधूंच्या गोष्टीतही ते नाही. काचेची पेटी वाहून नेणारे नोकर झुडपाला अडखळतात, पेटीला हिसका बसतो, घशात अडकलेला सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो आणि ती जागी होते. सात बुटक्यांना नावंही नाहीत. आपल्या डोक्यात असलेली नावं १९३७ च्या सिनेमाची. बेडूक राजकुमाराचंही तेच. राजकन्या त्याचं चुंबन घेत नाही, चिडून त्याला भिंतीवर आपटते आणि तो माणूस होतो.

सिंड्रेलाची काचेची चपला, भोपळ्याची बग्गी आणि जादूने मदत करणारी परी, म्हणजे देवमाता, हे सगळं शार्ल पेरोच्या १६९७ च्या फ्रेंच पुस्तकातलं. ग्रिमच्या सिंड्रेलाला कुणी देवमाता भेटत नाही. आईच्या थडग्यावर उगवलेलं झाड आणि त्यावरची पाखरं तिला कपडे देतात. शेवटच्या रात्रीची तिची चपला सोन्याची आहे. लाल टोपीवाली पेरोच्या गोष्टीत लांडग्याच्या पोटात जाते आणि गोष्ट तिथेच संपते. शिकारी येऊन पोट फाडतो ते ग्रिमच्या पुस्तकात. झोपलेल्या राजकन्येची गोष्ट पेरोच्याही आधी, १६३० च्या दशकात, बाझिले नावाच्या लेखकाच्या संग्रहात आहे आणि ती आजच्या कुठल्याही आईने मुलाला झोपताना सांगावी अशी नाही.

ग्रिम बंधू स्वतःसुद्धा एका रूपावर थांबले नाहीत. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. नंतरच्या आवृत्त्यांत तिची सावत्र आई केली. शेवटची सातवी आवृत्ती १८५७ ची. मधल्या पंचेचाळीस वर्षांत त्यांनी गोष्टी सतत घासूनपुसून काढल्या.

म्हणून अभिप्रायात एवढंच लिहा की तुमच्या मनात कुठली गोष्ट होती : आजीने सांगितलेली, चित्रांच्या पुस्तकातली की सिनेमातली. आणि तिच्यापुढे ही कशी वाटली. बिघडवली असं वाटलं तर काय हरवलं ते सांगा. नुसता बदल झाला ही तक्रार होत नाही. बदलाने गोष्ट पातळ झाली असेल, तर ती होते.

५. अभिप्रायात नेमकं काय लिहायचं? "छान आहे" लिहून भागत नाही का?

पाकिटात तशी पुष्कळ पानं आहेत आणि ती कुणाच्याच कामाची नाहीत. छान आहे, भाषा सोपी आहे, शेवट मनाला चटका लावतो. हे कुठल्याही पुस्तकाच्या पाकिटात घाला, बसेल.

या पावसाळ्यात सगळ्यात जास्त हातांतून गेलेलं पुस्तक म्हणजे सावत्र आईच्या तोंडून सांगितलेली हिमगौरी. नाव मुद्दाम देत नाही, निम्म्या मंडळाचं अजून वाचून व्हायचंय. त्यावर वाळपईहून येणाऱ्या अकरावीतल्या एका मुलीने जे लिहिलं ते माझ्या मते नमुन्याचं. तिने टिपलं की या कादंबरीतली राणी आरशाला पहिला प्रश्न सौंदर्याचा विचारतच नाही. राजा आजारी पडल्यावर ती विचारते, दरबारात आता माझ्या बाजूचं कोण उरलंय. मग ती मुलगी लिहिते की इथपर्यंत मला राणीची भीती कळत होती, पण पुस्तक अर्ध्यावर आल्यावर लेखिका हे विसरते आणि राणी पुन्हा नेहमीसारखी चेहऱ्यावरून जळायला लागते. खाली पान क्रमांकही दिला आहे.

बघा, त्यात पुस्तक आवडलं की नाही हे सरळ कुठेच नाही. तरी वाचणाऱ्याला पुस्तकाचा अंदाज येतो, ते घ्यायचं की नाही हे ठरवता येतं. एक प्रसंग जवळून बघा, तो जुन्या गोष्टीपासून कुठे फुटतो ते सांगा आणि फुटून कुठे पोचतो तेही. एवढं जमलं की पान भरतं. कथानकाचा सारांश मागच्या कव्हरवर छापलेला असतोच, त्यात शाई घालवू नका.

६. शेवट सांगायचा की नाही?

या पुस्तकांत हा घोळ जरा वेगळाच आहे. जुन्या गोष्टीचा शेवट सगळ्यांना माहीत असतो. तो ठेवलाय की मोडलाय, हेच गुपित असतं. त्यामुळे शेवट वेगळा आहे एवढं म्हटलं तरी निम्मं फुटलं. आमची रीत अशी : शेवटाबद्दलचं सगळं पानाच्या मागच्या बाजूला, आणि पुढच्या बाजूला खाली "मागे पाहू नये" असं लिहायचं. बहुतेक जण पाहतातच, पण ती त्यांची जबाबदारी.

हान्स ख्रिश्चन अँडरसनच्या जलपरीवरची पुस्तकं मात्र अपवाद धरा. १८३७ च्या त्या गोष्टीत राजकुमार दुसरीशीच लग्न करतो आणि जलपरीचा समुद्राचा फेस होतो, मग ती हवेची कन्या बनते. सिनेमा पाहून आलेल्यांना हे ठाऊक नसतं. अशा वेळी जुना शेवटही मागच्याच बाजूला लिहा.

७. तारे किंवा दहापैकी गुण का घेत नाही?

सुरुवातीला घेत होतो. मुलं फक्त आकडा वाचायची आणि पुस्तक ठेवून द्यायची. बंद केले.

८. अभिप्राय मराठीतच हवा का? मी पुस्तक इंग्रजीत वाचलंय आणि बोलते कोंकणीत.

आपल्याकडे निम्म्या मंडळाचं हेच आहे. पाचवीपासून शाळा इंग्रजीत, घरी कोंकणी, आणि देवळातलं कीर्तन, जत्रेचं नाटक, सकाळचं वर्तमानपत्र मराठीत. पाकीट मराठी विभागातलं असल्यामुळे आम्ही मराठीचा आग्रह धरतो, पण सक्ती नाही. कोंकणीत लिहिलेली पानं आहेत आणि ती वाचायला मजा येते. एकाने अख्ख्या पुस्तकाबद्दल वर मोठ्या अक्षरांत "म्हाका आवडलें ना" लिहून खाली कारणांचा पाढा वाचलाय. मराठीत त्याच मुलाने इतकं रोखठोक लिहिलं नसतं, अशी माझी शंका.

इंग्रजीत लिहिलंत तर निदान एक परिच्छेद मराठीत किंवा कोंकणीत जोडा. शुद्धलेखनावरून कुणी पान परत करणार नाही.

९. मी पालक आहे. या पुस्तकांत प्रेमप्रकरणं आणि मारामारी दिसते. परीकथा इतक्या निरागस असताना हे कशाला?

निरागस आपण केल्या. सिंड्रेलाच्या सावत्र बहिणी चपला बसावी म्हणून एक अंगठा आणि दुसरी टाच कापून घेते; लग्नाच्या दिवशी पाखरं त्यांचे डोळे टोचतात. हिमगौरीच्या लग्नात राणीला तापलेल्या लोखंडी चपला घालून मरेपर्यंत नाचवतात. हे सगळं ग्रिमच्या पुस्तकात आहे. १८१२ च्या आवृत्तीतली रापुन्झेल तिला मनोऱ्यात कोंडून ठेवणाऱ्या बाईला सहज विचारते की हल्ली माझे कपडे मला घट्ट का होतात, आणि राजकुमाराचं येणंजाणं तिथे उघडं पडतं. वाचकांची कुरकुर झाल्यावर ते वाक्य पुढे बदललं. म्हणजे तुमची तक्रारही दोनशे वर्षं जुनी आहे आणि तेव्हा ती ऐकली गेली होती, हे तुमच्या बाजूने सांगतो.

पण हिंसा आहे की नाही, एवढ्याने पुस्तकाचा निकाल लागत नाही. ती कशासाठी आलीय ते बघा. काही पुस्तकांत ती खरंच चटणी-मिठासारखी भुरभुरलेली असते आणि अशी पुस्तकं मुलंही दुसऱ्यांदा उघडत नाहीत. पालकांच्या अभिप्रायासाठी पाकिटात निळा कागद आहे. त्यावर मोकळेपणाने लिहा, पण मुलाच्या पांढऱ्या कागदावर दुरुस्त्या करू नका. तसं झालेलं आहे. मुलाने पुढचं पुस्तक नेलं ते परत करताना पान दिलंच नाही.

१०. शाळेच्या प्रकल्पाला दिलेलाच मजकूर इथे दिला तर?

चालेल, मात्र मुखपृष्ठाचं चित्र, प्रस्तावना, ऋणनिर्देश काढून टाका. इंटरनेटवरून उतरवलेला किंवा एआयकडून लिहून घेतलेला नको. तो ओळखायला येतो, कारण त्यात पुस्तकातला एकही प्रसंग नसतो. प्रश्न ५ वाचून तुमचाच एक परिच्छेद लिहा, तो पुरे.

११. पुस्तक अर्ध्यावर सोडलं. तरी लिहू का?

जरूर. कुठल्या पानावर सोडलं आणि का, एवढंच लिहा. तीन-चार जणांनी एकाच प्रकरणावर पुस्तक मिटलेलं दिसलं, तर त्या प्रकरणाबद्दल आणखी काय सांगायचं? न वाचलेल्या भागाबद्दल मात्र मत देऊ नका.

१२. सिनेमा पाहिलाय, पुस्तक वाचायला वेळ नाही. सिनेमावर लिहिलं तर?

नाही. सिनेमामुळे तुमच्या मनात कुठली गोष्ट पक्की झाली हे पुस्तकाच्या अभिप्रायात जरूर लिहा. प्रश्न ४ त्याचबद्दल आहे.

१३. नायिकेने तलवार उचलली, लग्न नाकारलं, म्हणजे पुस्तक पुरोगामी आणि चांगलं. असंच ना?

मला तसं वाटत नाही, आणि यावर मंडळात माझ्याशी भांडणारे पुष्कळ आहेत. हल्ली कितीतरी पुस्तकांत नायिकेच्या हातात शस्त्र दिलं की लेखकाला काम झाल्यासारखं वाटतं. तिच्या डोक्यात काय चाललंय ते तसंच कोरं राहतं.

आपल्या श्रावणातल्या शिवामुठीच्या कहाणीकडे बघा. राजाच्या चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टं अन्न, जाडंभरडं नेसू, राहायला गुरांचं बेडं. सिंड्रेलाच्या राखेपेक्षा ही जागा काही वेगळी नाही. पण तिला कुणी राजकुमार सोडवायला येत नाही. तिचं लग्न आधीच झालेलं आहे आणि छळ त्याच घरात आहे. रानात तिला नागकन्या-देवकन्या भेटतात, ती त्यांना विचारते, तुम्ही कुठे चाललात, काय करता. मग मूठभर तांदूळ, तीळ, मूग घेऊन त्यांच्याबरोबर शिवामूठ वाहायला जाते. देऊळ सोन्याचं होतं, सासरा चकित होतो. आता या कहाणीचं नवं रूप लिहायचं झालं तर काय कराल? तिला तलवार द्याल? मला विचाराल तर सगळा जीव तिच्या त्या पहिल्या प्रश्नात आहे. वाळीत टाकलेली बाई अनोळखी बायकांना हटकून विचारते, मलाही येऊ द्या. जो लेखक तिथे थांबेल त्याचं पुस्तक मी वाचेन.

आणि शेवटी नावडती होती ती आवडती झाली. हे सुख की पुन्हा त्याच घरात अडकणं? आजची सतरा वर्षांची वाचक हा प्रश्न विचारणारच, आणि चांगल्या नव्या रूपाने तो टाळू नये. सौंदर्यवती आणि पशूच्या गोष्टीतही तीच अडचण आहे. बापाच्या जिवासाठी मुलगी पशूच्या वाड्यात राहायला जाते, त्या प्रेमाला प्रेम म्हणायचं का? अभिप्रायात "स्त्रीवादी आहे" किंवा "नाही" असा शिक्का मारण्यापेक्षा, निवड तिची होती का आणि ती कुठल्या प्रसंगात दिसली, ते लिहा.

आजीबाईंनाही विसरू नका. युरोपातली आजी लांडग्याच्या पोटात जाते. आपली म्हातारी लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन म्हणत वाघाला चकवते आणि भोपळ्यात बसून टुणूक टुणूक परत येते. म्हातारीवर बेतलेली कुमार-तरुणांसाठीची कादंबरी अजून आमच्या कपाटात नाही. कुणीतरी लिहा.

१४. आपल्या कहाण्या, देवचार वगैरे घेऊन असं लिहिलं तर लोकांच्या भावना दुखावणार नाहीत का?

दुखावू शकतात, म्हणून कुठे हात घालतोय ते कळलेलं बरं. युरोपातली परीकथा आज कुणी श्रद्धेने ऐकत नाही. व्रताची कहाणी अजून चालू आहे. श्रावणात कुणाच्या तरी घरी हातात अक्षता घेऊन ती ऐकली जाते. देवचाराचंही तसंच. रात्री वेशीवरून फिरणारा, हातात काठी आणि पायांत वहाणा असलेला गावाचा राखणदार, त्याला रोट दिला जातो. ज्या गावात तो मानला जातो तिथल्या माणसाला तुमचा देवचार लाल टोपीवालीच्या लांडग्याच्या जागी दिसला तर राग येईल, आणि त्याचं बरोबर आहे. तो राखणारा आहे, खाणारा नव्हे. भावनांचा प्रश्न बाजूला ठेवला तरी कथा म्हणूनही ही चूकच. लांडग्याच्या जागी कुणी घालायचाच असेल तर म्हादईच्या रानात वाघ आहे.

तरीही लिहू नये असं मी म्हणणार नाही. स्टीफन्सने परक्या धर्माची कथा ओवीत बसवली आणि ती इथे गायली गेली. अभिप्राय देणाऱ्यांनी अशा पुस्तकावर लिहिताना आपण श्रद्धेने बोलतोय की वाचक म्हणून, ते स्पष्ट करावं. दोन्हींना जागा आहे, पण एकाच वाक्यात सरमिसळ झाली की वाद मिटत नाही.

१५. मी स्वतः सिंड्रेला फोंड्यात आणून गोष्ट लिहिलीय. कॉपीराइटचा त्रास होईल का?

जुन्या गोष्टीचा होणार नाही. भारतात १९५७ च्या कायद्यानुसार साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. पेरो १७०३ मध्ये गेला, ग्रिम बंधूंपैकी धाकटा १८५९ मध्ये आणि थोरला १८६३ मध्ये, अँडरसन १८७५ मध्ये. त्यांच्या गोष्टी सगळ्यांच्या आहेत.

पण सावध राहायच्या जागा दोन. एक, मराठी भाषांतर. गोष्ट जुनी असली तरी भाषांतरकाराची वाक्यं त्याची असतात, ती जशीच्या तशी उचलू नका. दोन, सिनेमाने भर घातलेल्या गोष्टी : बुटक्यांची नावं, गाणी, ठरावीक वेशभूषा. त्या टाळा. छापायला देणार असाल तर जाणकार वकिलाला एकदा विचारा. तुमची गोष्ट मंडळात वाचायची असेल तर हस्तलिखित आणून द्या. तिच्यावरही पानं लिहिली जातील आणि ती गोडच असतील असं नाही.

१६. मराठी भाषांतर वाचलं, फार कृत्रिम वाटलं. दोष लेखकाचा की भाषांतरकाराचा?

इंग्रजी पुस्तक मिळालं तर खटकलेलं एक पान दोन्हीत वाचून बघा. नाही मिळालं तर दोष कुणाचा ते ठरवायच्या फंदात पडू नका. संवाद कुठे अडखळतात, नावं कशी बदललीत, खाण्यापिण्याचं काय केलंय, एवढं लिहा. जंगलातल्या आजीकडे केक आणि वाइन नेणारी मुलगी मराठीत लाडू आणि सरबत घेऊन निघाली, तर ती कुठल्या देशातून चाललीय हे वाचकाला कळेनासं होतं.

१७. एकाच पुस्तकावर दोन अगदी उलट अभिप्राय आहेत. तुम्ही कोणता खरा मानता?

दोन्ही ठेवतो, शक्यतो पाठोपाठ. बऱ्याचदा उलगडा मूळ गोष्टीत सापडतो. एकाने सिनेमा डोक्यात ठेवून वाचलेलं असतं, दुसरीने आजीची गोष्ट. म्हणून तर प्रश्न ४ मधली ती एक ओळ आम्ही मागतो.

१८. लेखिका आमच्या ओळखीची आहे, शेजारच्या वाड्यावर राहते. खरं मत कसं लिहू?

गोव्यात हा प्रश्न येणारच. इथे लेखक भेटतो तो चवथीला, लग्नाच्या पंगतीत, मासळी बाजारात. ओळख असेल तर अभिप्रायात तसं लिहा आणि मग खरं लिहा. तेही जमत नसेल तर लिहूच नका, पुस्तक दुसऱ्याला द्या. निनावी पान आम्ही स्वीकारत नाही. पण घरचे, शिक्षक किंवा गाव ओळखेल अशी खरोखरच अडचण असेल, तर पाकिटात टोपणनाव चालतं. खरं नाव फक्त मंडळाच्या वहीत राहतं. टोपणनावाखाली लेखिकेच्या घरच्या भानगडी लिहिल्यात तर पान फाडलं जाईल.

१९. दोन वर्षांपूर्वी लिहिलेलं मत आता बदललंय. जुनं पान परत मिळेल?

परत मिळणार नाही, पण नवं पान तारीख घालून त्यालाच टाचता येतं. नववीत लिहिलेल्या पानाला बारावीत जोडलेली पानं आहेत. आधी राजकुमारावर फिदा, नंतर त्याचं नावही नाही. स्टेपलर काउंटरवरच्या डाव्या खणात आहे. पिना संपल्या असतील तर सांगा.